पं. भातखंडे : संगीताला वर्गात आणणारा वकील

आज संगीत हा विषय घेऊन पदवीधर होता येते, याचे बरेचसे श्रेय एका वकिलाला आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला झाला. त्या काळी चिजा सहसा घराण्याबाहेर जात नसत. पंडितजींनी वकिली सोडून गावोगावच्या उस्तादांकडून त्या मिळवल्या आणि स्वरलिपीत लिहून छापल्या. १९१६ साली बडोद्यास संगीत परिषद भरवली. पुढे ग्वाल्हेर व लखनौ येथे संगीत महाविद्यालये निघाली. १९३६ साली ते निवर्तले. लखनौची संस्था आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. गाणे कागदावर उतरत नाही, हे खरेच. पण ज्याला गुरूचे दार उघडले नाही, त्याला निदान वर्गाचे दार तरी मिळाले.