शस्त्रवैद्य सुश्रुताचार्य

आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस सुश्रुताचार्यांचें नांव ठाऊक असतें. पण भोपळ्याशीं त्यांचा काय संबंध, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

आचार्यांच्या काळाविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. तथापि ते विद्या कसे शिकले, याची हकीकत त्यांच्या नांवानें चालत आलेल्या सुश्रुतसंहितेंतच आहे. ते विश्वामित्रांचे पुत्र. काशीचे राजे दिवोदास धन्वंतरी आश्रमांत राहत असतां सुश्रुत आपल्या सहाध्यायांसह त्यांजकडे गेले. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं शल्यतंत्र मूळ धरून शिकवावें, अशी सर्वांनीं विनंती केली, आणि सर्वांच्या वतीनें प्रश्न विचारण्याचें काम सुश्रुतांकडे आलें. प्रत्येक वर्गांत असा एखादा धीट मुलगा असतोच!

शल्य म्हणजे शरीरांत रुतलेला बाण, कांटा अथवा लांकूड. सैन्याच्या छावणींत वैद्याचें ठाणें राजाच्या निवासालगत, सर्व साहित्यानिशीं सज्ज असावें, असें संहिता सांगते. शस्त्रकर्मापूर्वीं यंत्रें, शस्त्रें, कापूस, दोरा, मध, तूप, ऊन व थंड पाणी, फार काय, पंखासुद्धां जवळ हवा. आणि मदतनीस मायाळू, स्थिर व बळकट हवेत.

परंतु हा हात तयार कसा करावयाचा? त्यासाठीं योग्या, म्हणजे सराव, या विषयास एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. छेदन शिकावयाचें तें कोहळा, भोपळा, कलिंगड व तवसें यांवर. भेदन शिकावयाचें तें पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर. शीर वेधण्यास मेलेल्या जनावरांच्या शिरा व कमळाचे देंठ. जखमेंत सळई घालून शोध घेण्यास किडक्या लांकडाचीं भोकें. रुतलेलें काढण्यास फणसाचा व बेलाचा गर. शिवण्यास जाड वस्त्र व मऊ कातडें. पट्ट्या बांधावयाच्या त्या माणसाच्या पुतळ्याच्या अवयवांवर. यांतील निवड आम्हांस मोठी मार्मिक वाटते. पिशवी वाजवीपेक्षां खोल चिरली कीं पाणी अंगावर उडालेंच; गुरूंनीं रागावण्याचें कारण नाहीं. आणि तवसें चुकीचें कापलें गेलें म्हणून कोणाचा जीव जात नाहीं.

केवळ ग्रंथ पाठ केलेला वैद्य रोग्यापुढें रणांतील भित्र्याप्रमाणें गोंधळतो, आणि ग्रंथाविना केवळ हात चालविणारा राजदंडास पात्र होतो, असें आचार्यांचें मत आहे. यांतील पहिल्या प्रकारचा अनुभव आम्हांस आहे. पट्टी बांधण्याची कृति परीक्षेंत आम्हीं बिनचूक लिहिली होती. पुढें एका सहलींत एका मुलाचें ढोपर फुटलें, तेव्हां पट्टी आमच्या हातांतून दोनदां गळून पडली.

कापलेलें नाक नवें करण्याची रीतीहि संहितेंत आहे. झाडाचें पान नाकाएवढें कापून त्या मापानें गालाची त्वचा घ्यावी, अशी ती आहे. तिच्याच जातीची एक रीती पुढें आमच्या पुण्याजवळ दिसून आली. 1792 सालच्या युद्धांत इंग्रज सैन्यांतील कावसजी नांवाचा बैलवाला टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळच्या एका कुंभारानें त्यास नवें नाक करून दिलें. दोन इंग्रज डॉक्टरांनीं तें कर्म समक्ष पाहिलें, आणि 1794 च्या आक्टोबरांत त्याचें वर्णन लंडनच्या एका मासिकांत छापून आलें. या कारागिरानें त्वचा घेतली ती कपाळाची, आणि पानाऐवजीं मेण वापरलें. मेणाचा पातळ पत्रा प्रथम नाकाच्या जागीं बसवून पाहिला; तो सपाट करून कपाळावर ठेवला; भोंवतीं रेघ ओढली; आणि मग शस्त्र हातीं घेतलें.