प्रा. जॉन न्यूपोर्ट लँगली

इंग्लंडातील न्यूबरी गावी १८५२ साली जन्मलेले लँगली हे केंब्रिजच्या मायकेल फॉस्टर यांचे शिष्य होत. जठर, आतडी आदि अंतरिंद्रियांकडे जाणारे मज्जातंतु वाटेत मज्जापेशींच्या गाठींत शिरतात. त्यांपैकी कोणता तंतु गाठीत संपतो आणि कोणता तिच्यातून नुसताच पार होतो, हे केवळ विजेने तंतु चेतवून कळत नसे. त्यामुळे मार्गाविषयीचे पुष्कळसे निष्कर्ष संशयित राहत. १८८९ मध्ये डिकिन्सन यांच्या साहाय्याने लँगलींनी गाठीवर निकोटीनचा लेप दिला. (आपल्या वाडवडिलांच्या चंचीतील तंबाखूचेच हे सत्त्व!) लेपानंतर गाठीच्या अलीकडे तंतु चेतविला आणि इंद्रिय स्तब्ध राहिले, तर तो तंतु तेथेच संपला, इंद्रियाने पूर्ववत् प्रतिसाद दिला, तर तो पुढे गेला. एकेक गाठ अशी पारखण्यात त्यांनी वर्षेच्या वर्षे वेचली. या संस्थेस ‘स्वायत्त’ हे नाव त्यांनीच १८९८ मध्ये दिले. १९०३ मध्ये ते गुरूंच्या जागी प्राध्यापक झाले. संपादक म्हणून तर ते कमालीचे कडक! ढिसाळ निबंध त्यांच्या हातून सुधारल्याविना सुटत नसे. १९२५ मध्ये, प्राध्यापकपदी असतानाच, ते निवर्तले.