वाल्थर फ्लेमिंग : पेशींचा जन्म आणि मृत्यू पाहणारा शास्त्रज्ञ



फ्लेमिंग म्हटलं की पेनिसिलिनचे अलेक्झांडर फ्लेमिंग आठवतात ना? आज दुसऱ्या फ्लेमिंग यांची ओळख करून घेऊया.

जन्म व शिक्षण : वाल्थर फ्लेमिंग यांचा जन्म २१ एप्रिल १८४३ रोजी जर्मनीतील श्वेरीन शहराजवळ झाला. वडील मनोरुग्णांचे डॉक्टर होते. वाल्थर यांनीही वैद्यकीचे शिक्षण घेतले. १८७०-७१ च्या युद्धात सैन्यात डॉक्टर म्हणून काम केले. पुढे काही वर्षे प्राग येथे शिकवले आणि १८७६ पासून ते कील विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

कार्य : पेशी पारदर्शक असते, त्यामुळे आतलं काही नीट दिसत नाही. फ्लेमिंग यांनी कापड रंगवायचे ॲनिलिन रंग वापरले. सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवल्यावर केंद्रकातील धागे स्पष्ट दिसले. पेशी दुभंगताना हे धागे दोन्हीकडे सारखे वाटले जातात, हे त्यांनी १८८२ च्या ग्रंथात मांडले. पाठ्यपुस्तकातील 'मायटॉसिस' हा शब्द त्यांचाच!

१८८५ मध्ये सशाच्या अंडाशयातील पुटिका तपासताना त्यांना उलटं दृश्य दिसलं. काही पेशींचं केंद्रक आकसून तुकडे-तुकडे होत होतं. म्हणजे पेशी मरत होत्या, आणि तेही निरोगी प्राण्यात. त्यांनी चित्रे काढली, नोंद केली. पण जगाने ती जवळजवळ विसरून टाकली. तब्बल ८७ वर्षांनी, १९७२ मध्ये, अशा मृत्यूला 'अपोप्टोसिस' हे नाव मिळाले. मूळ ग्रीक अर्थ, पानगळ!

आज हाच अभ्यास डुकरिणीच्या अंडाशयावर होतो. पुटिकेत अंडपेशीभोवती पोषक पेशींचा थर असतो. संप्रेरकांचा आधार कमी पडला की या पेशी मरू लागतात आणि पुटिका जिरून जाते. बहुतेक पुटिका अशाच संपतात, मोजक्याच पिकतात. स्त्रीच्या शरीरातही तसंच. जन्मतः लाखो अंडपेशी असतात, पण आयुष्यात साधारण ४०० च बाहेर पडतात.

वर्गात कसं सांगाल? लहान मुलांना बेडकाच्या पिल्लाचं उदाहरण द्या. त्याची शेपटी कोणी तोडत नाही, पेशी ठरल्याप्रमाणे मरतात म्हणून ती जिरते. आपल्या पाचगणीत सिल्व्हर ओकखाली पडलेली पानं दाखवा. पानं गळाली म्हणून झाड मरत नाही. मुलं मृत्यूविषयी प्रश्न विचारतात तेव्हा आपण विषय बदलतो. निदान एवढं तरी सांगूया, की शरीर घडताना काही पेशींचं जाणंही गरजेचं असतं.

फ्लेमिंग शाळेत जाऊ न शकणाऱ्या गरीब मुलांना गणित व विज्ञान शिकवत, असं सांगितलं जातं. ४ ऑगस्ट १९०५ रोजी कील येथे त्यांचे निधन झाले. मुलांच्या वहीतलं एखादं निरीक्षण आज बिनमहत्त्वाचं वाटलं, तरी ते खोडू नका. त्याचा अर्थ कदाचित पुढे कधीतरी लागेल.