अमांडा स्मिथबाई व त्यांच्या मनांतलें भय

इ. स. १८७९ सालच्या अखेरीस विलायतेहून मुंबईस आलेल्या ख्रिस्ती सेवकांत उंच बांध्याची, काळ्या वर्णाची व अगदीं साध्या पोशाखाची एक विधवा होती. तिला कोणत्याही मिशन सोसायटीनें पाठविलें नव्हतें. तिचा जन्म गुलामगिरींतला. शाळेंतलें शिक्षण सारें मिळून तीन साडेतीन महिन्यांचें. पांच मुलांपैकीं चार तिनें आपल्या हातांनीं मातीआड केलेलीं. हिचें नांव अमांडा बेरी स्मिथ. सुमारें दोन वर्षें ह्या बाईंनीं मुंबई, कलकत्ता, नैनीताल व पुढें ब्रह्मदेशांत रंगून येथें उपदेश केला.

बाईंच्या प्रवासांची हकीकत पुष्कळांनीं लिहिली आहे. आम्हांस आज त्यांच्या मनाविषयीं लिहावयाचें आहे. कारण मनाच्या दुखण्याविषयीं आपल्या मंडळ्यांत फारसें कोणी बोलत नाहीं. ताप आला तर पाळकसाहेबांस बोलावितात. पण एखादी बहीण महिनोन् महिने खालीं मान घालून मंडळीच्या शेवटल्या चटईवर बसते, तिला कोणी विचारीत नाहीं. स्मिथबाई स्वतः अशा शेवटल्या जागीं बसणाऱ्यांपैकीं होत्या.

अमांडाचा जन्म २३ जानेवारी १८३७ रोजीं अमेरिकेंतील मेरिलंड राज्यांत लाँग ग्रीन येथें झाला. बाप सॅम्युएल बेरी एका धन्याचा दास, व आई मिरियम शेजारच्या दुसऱ्या धन्याची दासी. बाप दिवसभर धन्याचें काम करी व रात्रीं केरसुण्या आणि चटया करून विकी. सुगीच्या दिवसांत तर संध्याकाळीं तीन चार मैल चालून दुसऱ्याच्या शेतांत मध्यरात्रीनंतर एक दोन वाजेपर्यंत राबे, आणि घरीं येऊन घटकाभर डोळा लागतो न लागतो तोंच पुन्हा धन्याच्या कामास उभा राही. अशा पैशानें त्यानें प्रथम स्वतःस विकत घेतलें. (माणसानें स्वतःस विकत घ्यावें, हें लिहितांना आमचा हात थांबतो.) पुढें आईच्या धन्याची तरुण मुलगी विषमज्वरानें अंथरुणास खिळली. ती मेथडिस्ट सभेंत प्रभूकडे वळलेली होती. मिरियम व तिचीं मुलें सॅम्युएलच्या हवालीं करावीं, असा तिनें मरतां मरतां घरच्यांकडे हट्ट धरला. त्यावरून बापास आपलें कुटुंब सोडवून घेण्याची मोकळीक मिळाली, व तीं सर्व पेनसिल्व्हेनिया राज्यांत जाऊन राहिलीं. तेथें त्यांचें घर पळून आलेल्या दासांचा आसरा झालें.

परंतु बेडी तुटली म्हणून तिचा वळ लागलीच जात नाहीं. शाळा पांच मैलांहून अधिक दूर. तेथें आधीं गोऱ्या मुलांचा पाठ, आणि वेळ उरला तर अमांडाचा व तिच्या भावाचा. तेरा वर्षांची झाल्यावर ती मेथडिस्ट मंडळीच्या साप्ताहिक वर्गास जाऊं लागली. तेथेंही सर्व गोऱ्या लोकांची विचारपूस झाल्यावर शेवटीं तिची पाळी येई. त्यामुळें कामावर पोंचण्यास उशीर होई, व जेवण वेळेवर न झाल्यामुळें मालकीण रागावे. नोकरी राखावी कीं वर्ग राखावा, असा प्रश्न पडून त्या पोरीनें वर्ग सोडिला. त्या मंडळींत तिला कोणीं मारिलें नाहीं, कीं शिवी दिली नाहीं. फक्त रोज शेवटीं ठेविलें. नित्याचा अपमान मनाबरोबर शरीरालाही झिजवितो, असें आजचे वैद्य सांगतात. आमच्या मंडळ्यांतल्या वडील माणसांस तें कोणीं सांगावयास नको.

१८५४ सालीं तिचें लग्न झालें. दुसऱ्याच वर्षीं ती मोठ्या दुखण्यांतून उठली, व तेव्हांपासून आपल्या आत्म्याच्या तारणाविषयीं तिला तळमळ लागली. प्रार्थना करावी, तर देव तुझें ऐकत नाहीं असें कोणी आंतून म्हणत आहे असें वाटे. १७ मार्च १८५६ रोजीं, ज्या घरीं ती स्वयंपाकास होती त्याच्या तळघरांत जाऊन ती गुडघ्यांवर पडली. तारण तरी होईल, नाहीं तर येथेंच मरेन, असा तिनें निश्चय केला. उठली तेव्हां सर्वत्र उजेड झाल्यासारखें वाटलें. तिनें आपले हात पाहिले, तेही नवे दिसले. मग वर धांवत जाऊन ती आरशासमोर उभी राहिली. अंतरांत एवढा पालट झाला त्या अर्थीं कातडीचा रंगही पालटला असेल काय, हें तिला पाहावयाचें होतें! वाचक कदाचित् हसतील. आम्हांस मात्र हें वाचून गहिंवर येतो. त्या बिचारीच्या कल्पनेंत स्वच्छ होणें व गोरें होणें हीं अजून वेगळीं झालीं नव्हतीं.

पहिला नवरा यादवी युद्धांत सैन्यांत गेला तो परत आला नाहीं. दुसरा, जेम्स स्मिथ, आपण उपदेशक होणार असें सांगून लग्नास उभा राहिला. लग्नानंतर तें कांहींच खरें ठरलें नाहीं. १८६५ सालीं तीं न्यूयॉर्कास आलीं, व तेथें बाई लोकांचे कपडे धुण्याचें काम करूं लागल्या. कित्येकदां रात्रभर टबाजवळ किंवा इस्त्रीच्या टेबलाजवळ उभें राहावें, झोंप अनावर झाली कीं खिडकीच्या कडेवर डोकें टेकावें, आणि पुन्हा कामास लागावें, असें चाले. मुलांमागून मुलें दगावलीं. एक मेझी तेवढी मोठी झाली. १८६९ सालच्या जून महिन्यांत शेवटला तान्हा विल गेला, व नोव्हेंबरांत नवरा.

ह्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे सप्टेंबर १८६८ मध्यें, एक गोष्ट घडली होती. एका आदितवारीं बाई ग्रीन स्ट्रीटवरील मेथडिस्ट देवळांत गेल्या व दाराजवळ बसल्या. देऊळ गोऱ्यांचें. उपदेशक जॉन इन्स्किप पवित्रीकरणावर बोलत होते. रात्रीं निजतांना श्वास कसा घ्यावा ह्याची व्यवस्था कोणी आधीं करून ठेवितो काय? तसेंच देवाला अंतःकरणांत पूर्णपणें घ्या, तो आपलें जीवन आपण चालवील, असा त्यांचा दृष्टांत होता. बाईंचें अंतःकरण भरून आलें; मोठ्यानें स्तुति करावी असें वाटलें; पण मोठ्यानें बोललें तर गोरे लोक बाहेर काढतील ह्या भयानें तोंड मिटलें. शेवटीं शब्द बाहेर पडला, आणि व्यासपीठावरून इन्स्किपसाहेबांनीं त्यास आमेन म्हटलें. रस्त्यानें परततांना गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचें अठ्ठाविसावें वचन त्यांस आठवलें व प्रथमच त्याचा अर्थ उमगला. ज्या गोऱ्या लोकांचें जन्मभर भय बाळगलें, ते आतां अगदीं लहान दिसूं लागले. डोंगर वाटत होता तो ढेंकूळ निघाला.

येथेंच थांबून बाईंचें सर्व भय त्या एका दिवसांत नाहींसें झालें असें सांगण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य नाहीं, कारण बाईंनीं स्वतः तसें लिहिलेलें नाहीं. १८७० पासून त्या उपदेशाच्या कामास लागल्या. मेन राज्यांत केनेबंक येथें रानांत तंबू ठोकून मोठी सभा भरली होती. तेथें जिकडे बाई जात तिकडे गर्दी त्यांच्यामागें फिरे. जत्रेंतलें जनावर पाहावें तसे लोक त्यांस न्याहाळीत. बाईंचें मन पार खचलें. त्या तंबूंत शिरल्या, व मला काय होत आहे हें सर्व त्यांनीं प्रभूस उघड सांगितलें. त्या लाजेला धार्मिक शब्दांचें पांघरूण घातलें नाहीं. लोकांच्या नजरा सोसण्याची कृपा मागितली, आणि ती घेऊन त्या बाहेर आल्या. ग्रीन स्ट्रीटनंतरची ही गोष्ट आहे. १८७२ सालीं नॅशव्हिल येथें कृष्णवर्णी मेथडिस्टांच्या महासभेंत तर त्यांच्याच लोकांनीं नाक मुरडलें. पोशाख जुनाट, आणि ही बाई स्त्रियांस पाळकाची दीक्षा मागावयास आली असावी, असा पुढाऱ्यांचा संशय! बाईंनीं तशी मागणी केलेली नव्हती. देवानें नेमलें तें त्यांस पुरेसें होतें.

पवित्रीकरणाच्या सभांतले गोरे लोक बाईंच्या गाण्यास मोहित होत, पण रात्रीं उतरावयास जागा देण्याची वेळ आली म्हणजे कित्येकांची पंचाईत होई. ह्याविषयीं बाईंनीं स्पष्ट लिहून ठेविलें आहे. पवित्र झाल्याचें सांगणाऱ्या कित्येकांच्या मनांतून रंगाचा तिटकारा गेलेला नसतो, आणि मला काय सोसावें लागतें हें समजून घ्यावयाचें असेल त्यानें काळें होऊन माझ्यासारखें हिंडून पाहावें, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय आहे. स्वतःचें भय प्रभूकडे नेलें म्हणून दुसऱ्याचा अपराध झांकावयास पाहिजे, असें त्यांस वाटलें नाहीं. आणि आपण गोऱ्या असतों तर बरें, असें वाटतें काय, ह्या प्रश्नास त्यांचें उत्तर ठाम नकाराचें होतें. आपल्या काळ्या वर्णास त्या राजवर्ण म्हणत. आरशासमोर उभी राहिलेली मुलगी येथवर आली होती.

१८७८ सालीं त्या इंग्लंडास निघाल्या. आगबोटीवर कोणी फारसें बोलेना. पण आदितवारीं कप्तानानें उपासना चालविण्यास त्यांनाच विनंती केली. तेथून त्या आपल्या देशांत आल्या. येथें त्यांस विशेष आदर करणारे गृहस्थ म्हणजे कलकत्त्याचे थोबर्नसाहेब, जे १८८८ सालीं बिशप झाले. उपदेशकास उपयोगी पडेल असें ज्ञान आपणांस इतर कोणाहीपेक्षां ह्या बाईंपासून अधिक मिळालें, असें त्यांनीं बाईंच्या आत्मचरित्राच्या प्रस्तावनेंत नमूद केलें आहे. ज्या बाईस शाळेनें उरलेला वेळ दिला, तिच्याविषयींचें हें म्हणणें आहे.

१८८२ च्या आरंभापासून सुमारें आठ वर्षें बाई पश्चिम आफ्रिकेंत लायबेरिया देशांत होत्या. बिशप विल्यम टेलर, ज्यांनीं पूर्वीं मुंबईंत मेथडिस्ट मंडळी उभी केली, त्यांच्या तेथील कामास बाईंनीं मदत केली. मद्यपाननिषेधाच्या मंडळ्या काढल्या. दोन आफ्रिकन मुलांस आपलीं म्हणून वाढविलें. तापानें शरीर पोखरलें, तेव्हां त्या परत फिरल्या. विसावा घेण्यास त्या लाजल्या नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे.

१८९३ सालीं त्यांचें आत्मचरित्र शिकागो येथें छापून निघालें. त्याच्या विक्रीच्या व मिळालेल्या देणग्यांच्या पैशांतून १८९९ सालीं शिकागोजवळ हार्वी येथें कृष्णवर्णी अनाथ मुलांसाठीं घर उघडलें गेलें. पैशाची ओढाताण शेवटपर्यंत सुटली नाहीं. १९१२ सालीं बाईंनीं तें काम सोडलें, व सेब्रिंग नांवाच्या धनिकानें फ्लोरिडांतील आपल्या गांवीं दिलेल्या घरांत त्या राहूं लागल्या. तेथेंच फेब्रुवारी १९१५ मध्यें, ७८ वर्षांच्या होऊन, त्या प्रभूच्या ठायीं निजल्या. त्यांचें शव इलिनॉय राज्यांत आणून पुरण्यांत आलें. हार्वीचें अनाथगृह १९१८ सालीं आगींत सांपडलें, दोन मुली दगावल्या, व तें बंद झालें. आत्मचरित्र मात्र १९८८ सालीं पुन्हा छापण्यांत आलें.