सुभेदार रामजी सकपाळ : नोंदींमध्ये शोधावा असा एक सैनिक

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांना आपण ओळखतो ते बाबासाहेबांचे वडील म्हणून. जयंतीच्या भाषणांत त्यांचा उल्लेख एक-दोन वाक्यांत होतो, शिस्तप्रिय होते, कबीरपंथी होते, मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवत, आणि वक्ता पुढे सरकतो. पण रामजी हे स्वतंत्रपणे अभ्यासण्यासारखे आयुष्य आहे. एकोणिसाव्या शतकात महार समाजातील हजारो घरांनी जो रस्ता धरला, त्या रस्त्याचा संपूर्ण नकाशा या एका आयुष्यात दिसतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरात आमचे पणजोबा पलटणीत होते असे सांगितले जाते, त्यांनी तर हे आयुष्य नीट वाचायलाच हवे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगडजवळचे आंबडवे. त्यांचा जन्म १८४८ च्या सुमाराचा. वडील मालोजी हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिपाई होते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत घराण्याची ही परंपरा स्पष्ट नोंदवली आहे. कंपनीचे राज्य सुरू झाले तेव्हापासूनच या घराने वतनाचे परंपरागत काम सोडून लष्कराची नोकरी पत्करली होती. ही साधी गोष्ट नाही. गावात महाराने काय करायचे हे जातीने ठरवलेले होते. मेलेले ढोर ओढायचे, सांगावा पोहोचवायचा, येसकरकी करायची आणि बदल्यात बलुते मागायचे. पलटणीत मात्र ठरलेला पगार होता, गणवेश होता, हुद्दा होता आणि कर्तबगारीवर बढती होती. कोकणातून कितीतरी तरुण मुंबई इलाख्याच्या फौजेत गेले, त्यामागे ही दोन जगांतली तफावत होती.

या परंपरेचा सर्वांत ठळक पुरावा कोरेगाव भीमा येथे दगडात कोरलेला आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन लढली. स्तंभावरील मृतांच्या यादीत ४९ नावे आहेत आणि त्यातील २२ नावांच्या शेवटी नाक हा प्रत्यय येतो. त्या काळात महार पुरुषांच्या नावाला हा प्रत्यय लागत असे. लक्षात घ्या, या नावांपुढे आडनाव नाही. स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव, एवढीच ओळख. पूर्वजांच्या शोधात हाच मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

रामजी लष्करात दाखल झाले आणि तिथेच शिकले. फौजेला हिशेब ठेवणारे, हुकूम वाचणारे, मुलांना शिकवणारे लोक हवे होते. लष्कराने शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी शाळा चालवल्या. गावच्या शाळेत ज्यांना ओटीवरही बसू दिले जात नव्हते, त्यांच्या मुला-मुलींना छावणीत सक्तीने शिकावे लागत होते. रामजींनी पुण्यात शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले. ते सुभेदार झाले. मराठी आणि इंग्रजी दोन्हींवर त्यांची चांगली पकड होती.

त्यांचा विवाह भीमाबाईंशी झाला. भीमाबाई ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या मुरबाडकर घराण्यातल्या. तेही लष्करी घराणे. त्यांचे वडील आणि काका सुभेदार-मेजर होते, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे बाबासाहेबांच्या दोन्ही बाजूंचे पूर्वज सैनिक होते. मध्य भारतातील महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी या दांपत्याला चौदावे अपत्य झाले, तेच भीमराव. चौदापैकी मोठी होईपर्यंत जगली ती पाचच : बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा.

भीमराव अजून पाळण्यात होते, तेव्हाच एक दार बंद झाले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी लष्कराची जातवार फेररचना केली. काही जाती जन्मजात लढवय्या आणि काही नाहीत, असा सिद्धांत वरिष्ठ अधिकाऱ्यांनी उचलून धरला होता. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स त्याचा मोठा पुरस्कर्ता. या धोरणात महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांची नावे सरकारने स्वतः स्तंभावर कोरली होती, त्यांनाच आता लढण्यास अपात्र ठरवण्यात आले. यामागे कामगिरीचा कोणताही हिशेब नव्हता. उच्चवर्णीय शिपायांना शेजारी कोण चालेल, हा प्रश्न होता. म्हणजे जातीचा नियम गावातून छावणीत आला आणि त्यावर इंग्रजांनी शास्त्राचा शिक्का मारला.

याला विरोध करण्यासाठी पहिल्यांदा पुढे आले ते पेन्शनर सैनिकच. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त हवालदार, यांनी १८९४ मध्ये महारांच्या लष्करी सेवेचा इतिहास मांडणारा अर्ज तयार केला. रामजींनीही न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन भरतीबंदीविरुद्ध निवेदन केल्याचे चरित्रकार नोंदवतात. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली. आपल्या समाजाच्या आधुनिक हक्कलढ्याची सुरुवात अशी सैनिकांच्या अर्जांतून झाली. पूर्वजांच्या सेवेची नोंद हा त्यांच्यासाठी पुरावा होता आणि त्या पुराव्याच्या बळावर ते नागरिक म्हणून हक्क मागत होते.

१८९४ च्या सुमारास रामजी पेन्शनवर आले. कुटुंब आधी दापोलीत राहिले. तिथे कायमचे राहण्याचा विचार होता, पण तो बदलला आणि ते साताऱ्याला गेले. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भिवा पाच-सहा वर्षांचा होता. मुलांना रामजींची अपंग बहीण मीराबाई हिने सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये दाखल झाले. त्या शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकासमोर भिवा रामजी हे नाव आजही आहे. जुने रजिस्टर जपल्यामुळे काय घडते याचे हे उत्तम उदाहरण. एका ओळीच्या नोंदीमुळे आपण ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो.

सुभेदाराचा हुद्दा छावणीबाहेर किती कामाचा होता? १९०१ मधला प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामातून तलाव बांधला जात होता आणि रामजी तिथे खजिनदार होते. भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले त्यांना भेटायला निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या घातलेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. ती महार आहेत असे कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकायची या अटीवर एक गाडी मिळाली. रात्रभर कुणी पाणी दिले नाही. सरकारने ज्याला सुभेदार केले, त्याच्या मुलांना समाज घोटभर पाणी द्यायला तयार नव्हता.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीतली एक खोली, मोठे कुटुंब आणि तुटपुंजे पेन्शन. तरीही रामजींनी मुलाच्या पुस्तकांसाठी पैसे उभे केले. हातात पैसे नसले की लेकींकडे जात आणि त्यांचे दागिने गहाण ठेवून पुस्तक आणत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे मुंबईत निधन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. मुलाचे ते यश बघायला सुभेदार राहिले नाहीत.

आता आपल्या घरांकडे वळू. वस्त्यांमध्ये काम करताना मला एक गोष्ट सतत जाणवते. आपल्याकडे पूर्वज सैनिक असल्याचा अभिमान भरपूर आहे, पण हातात कागद नसतो. दरवर्षी १ जानेवारीला आपण स्तंभाला मानवंदना देतो आणि घरातल्या ट्रंकेतले डिस्चार्ज बुक वाळवीला देतो. म्हातारी माणसे जातात, तशी नावेही जातात.

शोधायचे कसे? पहिली पायरी घरातलीच आहे. पेन्शनचे कागद, पदक, फोटो, पलटणीचे नाव, शेवटचा हुद्दा, मूळ गाव हे सगळे लिहून काढा. पदकाच्या कडेवर अनेकदा सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते.

दुसरे म्हणजे नावाचे सर्व पर्याय धरा. रामजींच्याच घरात सकपाळ, आंबडवेकर, आंबेडकर अशी आडनावे येतात. जुन्या यादीत आडनाव नसेल, नाक प्रत्यय असेल, आणि इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले असेल. फक्त आजच्या आडनावाने शोधलात तर हाती काही लागणार नाही.

तिसरे, पलटणींचे क्रमांक बदलत गेले हे ध्यानात ठेवा. १९०३ मध्ये मुंबईच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवण्यात आले. कोरेगावला लढलेली बटालियन पुढे दुसरी ग्रेनेडियर्स आणि १९०३ नंतर १०२ वी ग्रेनेडियर्स झाली. आजोबा एक क्रमांक सांगत आणि कागद दुसरा दाखवतो, यात दोघेही खरे असू शकतात.

चौथे, हुद्द्याप्रमाणे कागद बदलतो. सुभेदार, जमादार यांची नावे छापील आर्मी लिस्टमध्ये सापडण्याची शक्यता असते. साध्या शिपायांचे सेवापट पलटणीतच राहत आणि त्यातले बरेचसे टिकले नाहीत. त्यांच्यासाठी पदकांच्या याद्या उपयोगी पडतात. अशा याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात आणि पुष्कळदा तिथे वडिलांचे नाव व गावही मिळते. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख पटल हे पोर्टल, मुंबई आणि पुण्याची पुराभिलेखागारे, हीही दारे ठोठवायला हवीत. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यानंतरच्या सैनिकांसाठी सागर येथील रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय आणि आपले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही पहिली ठिकाणे.

एक इशाराही द्यायला हवा. लष्करी नोंदींत भीमाबाई नाहीत, मीराबाई नाहीत, दागिने काढून देणाऱ्या मंजुळा आणि तुळसा नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांचा इतिहास कोणत्याही आर्मी लिस्टमध्ये सापडणार नाही. तो त्यांच्या लेकी-सुनांना विचारूनच लिहावा लागेल. आणि ज्यांचे पूर्वज पलटणीत नव्हते, गिरणीत, गोदीत, शेतावर राबत होते, त्यांचा इतिहास कमी तोलाचा ठरत नाही. पूर्वज सैनिक होता म्हणून आपण श्रेष्ठ असे म्हणू लागलो, तर रॉबर्ट्सचाच सिद्धांत आपण उलट्या बाजूने चालवतो आहोत.

नोंद शोधायची ती यासाठी की, उद्या कुणी विचारले, तुमचे लोक होते कुठे, तर उत्तर भावनेने न देता कागदाने देता यावे. वलंगकरांनी आणि रामजींनी तेच केले होते. या वर्षावासात प्रत्येक विहारात एक वही ठेवता येईल. वस्तीतल्या ज्येष्ठांना गाठून पूर्वजाचे नाव, वडिलांचे नाव, गाव, पलटण, हुद्दा आणि त्या घरातल्या स्त्रियांची नावे तिच्यात उतरवावीत, कागदांचे मोबाईलवर फोटो काढावेत आणि प्रती दोन ठिकाणी जपाव्यात. ऐंशी-नव्वदीची माणसे आज आपल्यात आहेत, तोवर हे काम होऊ शकते.

जय भीम.