आरोपीच्या बाजूने उभा राहिलेला बॅरिस्टर

सातारच्या आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याच्या प्रवेशाची नोंद आहे. राज्य शासनाच्या २०१७ मधील निर्णयानुसार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. घटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना परिचित आहेत. फौजदारी न्यायालयात आरोपीची बाजू मांडणारे बॅरिस्टर ही त्यांची ओळख मात्र काहीशी मागे पडली आहे.

सातारा हे त्यांच्या बालपणाचे गाव. मातोश्री भीमाबाई यांचे निधन येथेच झाले. शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे. बसण्यासाठीचे गोणपाट घरून न्यावे लागे. १९०१ मध्ये कोरेगावला नोकरीस असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी ते भावंडांसह मसूर स्थानकावर उतरले. जात कळताच गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि बैलगाडी स्वतः हाकून मुलांनी वाट धरली. रात्रभर त्यांना पिण्यास पाणी मिळाले नाही. कोणताही अपराध नसताना भोगलेल्या या शिक्षेचा ठसा त्यांच्या मनावर आयुष्यभर राहिला.

लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाल्यानंतर १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सनदेसाठी लागणारे पैसेही हाताशी नव्हते. मित्र नवल भथेना यांनी मदत केली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देण्यास सॉलिसिटर नाखूश असत. त्यामुळे प्रारंभी मुंबईबाहेरील न्यायालयांतील किरकोळ कामांवर भागवावे लागले.

त्यांच्या वकिलीचा बोलबाला झाला तो ‘देशाचे दुश्मन’ खटल्याने. सत्यशोधक विचाराने तत्कालीन सातारा जिल्ह्यात खोलवर मूळ धरले होते. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव हे तालुकेही तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. या चळवळीची धग पुण्यात पोचली आणि दिनकरराव जवळकर यांनी लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जहाल टीका करणारे हे पुस्तक १९२५ मध्ये लिहिले. केशवराव जेधे हे त्याचे प्रकाशक होते. अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत खालच्या न्यायालयाने आरोपींना कारावास ठोठावला.

अपिलात बाबासाहेब उभे राहिले. त्यांच्या युक्तिवादाचा भर पुस्तकाच्या भाषेवर नव्हता, कायद्यावर होता. मृत व्यक्तीच्या बदनामीचा गुन्हा ठरण्यासाठी मजकुराचा हेतू तिच्या कुटुंबीयांच्या वा निकटच्या आप्तांच्या भावना दुखावण्याचा असावा लागतो. येथे फिर्यादी चिपळूणकरांचे दूरचे नातलग होते. ऑक्टोबर १९२६ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची मुक्तता केली.

पुढे १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांच्या लैंगिक समस्यांना दिलेली उत्तरे हे त्याचे निमित्त. सनातनी समाजाला नकोशा झालेल्या या प्राध्यापकाचे वकीलपत्र बाबासाहेबांनी स्वीकारले. लैंगिक ज्ञानाला वाहिलेल्या मासिकाने वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली, तर तो अपराध कसा, असा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयाला तो पटला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. खटला हरला, पण त्या काळात हा प्रश्न न्यायासनापुढे इतक्या स्पष्टपणे मांडला जाणे हेच मोठे होते.

आरोपीच्या पिंजऱ्याशी आलेला हा परिचय घटना समितीतही उपयोगी पडला असावा. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून ‘योग्य कायदेशीर प्रक्रिया’ ही संकल्पना वगळल्याने अनेक सदस्य अस्वस्थ होते. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी नवे कलम मांडले. अटकेचे कारण कळण्याचा, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क त्यातून मिळाला. तेच आजचे कलम २२. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची तरतूदही त्याच कलमात आली आणि तिच्यावर समितीतच टीका झाली, हेही नमूद केले पाहिजे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. आज एखाद्या खेड्यातील अटक झालेला, नावगाव नसलेला माणूस वकिलाला भेटू देण्याची मागणी करतो, तेव्हा तो याच हक्काचा आधार घेतो. मसूरच्या स्थानकावर ज्यांची बाजू घेणारे कोणी नव्हते, त्या मुलांतील एकाने तो देशातील प्रत्येकाला मिळवून दिला.