खेळण्याच्या वयातला डेबू

वऱ्हाडच्या मातीने महाराष्ट्राला दिलेले कर्मयोगी संत म्हणजे गाडगेबाबा. आमच्या वलगावशी त्यांचे नाते अखेरच्या श्वासाचे आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी, परिटाच्या घरी झाला. दारूपायी वडील गेले आणि आई सखुबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी मिरवतात. डेबूच्या हाती मात्र मामाची खरी गुरे आली. गुरे राखता राखता तो शेतीत तरबेज झाला, पण अक्षरओळख राहूनच गेली.

लहानपणी मीही मातीचे बैल करून पोळ्याच्या बाजारात विकले आहेत. त्या पैशांच्या वह्या आल्या, कारण पोराने शिकावे हे आमच्या निरक्षर घराला पटले होते. डेबूच्या घामाची वही कधी झाली नाही.

१९०५ साली बाबांनी घर सोडले. दिवसा ते खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून, प्रसंगी ताटे मोडून हातावर भाकरी खा पण मुलांना शिकवा, असे विनवीत. मिळालेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे उभारली. स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही.

१९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे बाबांचेच नाव मिळाले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या पदवीवर त्या निरक्षर गुराख्याचे नाव असेल, याहून मोठा मान कोणता?